तीन दिवसांचं सुतक

आण्णा गेल्या आषाढात गेले. एस.टी.त कंडक्टर होते, सातारा डेपोला, रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी घरात कुणी दाराबाहेर पाऊल टाकलं की हे आतून टीपॉयवर दोनदा टकटक करणार, म्हणजे डबल बेल, निघा आता. तर त्यांच्या तेरा दिवसांत मला रडायला वेळच मिळाला नाही, आणि हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्यातल्या प्रत्येकाने मान डोलावली, म्हणजे सगळ्यांचंच असं होत असणार. मंडपवाला, गुरुजी, माती सावडायला कोण कोण येणार, पुण्यातल्या आत्याला आणायला कोण जाणार, आईची बीपीची गोळी, आधार कार्डाच्या झेरॉक्स, मृत्यूचा दाखला. पहिल्या रात्री चूल पेटवायची नाही म्हणून समोरच्या काकूंनी पिठलं-भाकरी पाठवली, याच काकूंशी आमचं गाडी लावण्यावरून सहा महिने बोलणं बंद होतं. भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली नव्वद वेळा आलं आणि मधेच एका मामांनी गुलाबाच्या फुलाचा गुड मॉर्निंग टाकला, मग तो डिलीट केला, मग डिलीट केल्याबद्दल सॉरी. आण्णा असते तर तासभर हसले असते.

मी काही फार कर्मकांडवाली बाई नाही. सुतक हे मुळात विटाळाचं प्रकरण आहे, दुःखाचं नाही, हे मला माहितीय आणि ते मला पटत पण नाही. पण त्या तेरा दिवसांत एक गोष्ट लक्षात आली, की सुतक म्हटलं की लोक तुम्हाला सोडतात. लग्नाला चला म्हणत नाहीत, टीव्ही का बंद आहे विचारत नाहीत, केस का विंचरले नाहीत विचारत नाहीत. दार उघडं असतं, बाहेर चपलांचा ढीग, माणसं येतात, सतरंजीवर बसतात, काय झालं होतं नेमकं विचारतात, आई तीच गोष्ट तिसाव्यांदा सांगते, की पहाटे पाणी मागितलं आणि मी आणेस्तोवर... आणि सांगता सांगता चौथ्या-पाचव्या दिवशी तिचा आवाज जरा स्थिर झाला होता. आधी मला वाटायचं लोक काय खोदून खोदून विचारतात हिला. पण तिला सांगायचं होतं.

दहावा संगम माहुलीला. साताऱ्यातल्या माणसाला माहुली सांगायला नको, कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात ते ठिकाण, गावापासून चार-पाच किलोमीटर, आणि आमच्याकडे 'माहुलीला नेलं' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. त्या दिवशी पाऊस नुसता झोडपत होता. कण्हेर धरणातून पाणी सोडलेलं, नदी तांबडी, घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली. पिंड मांडले आणि आम्ही सगळे छत्र्या धरून कावळ्याची वाट बघत उभे. पाऊण तास. कावळे होते, नव्हते असं नाही, समोरच्या झाडावर सात-आठ भिजून बसलेले, पण एक पण खाली येईना. मग सुरू झालं. तात्या म्हणाले, वहिनीचं टेन्शन असंल त्याला, धाकट्या, बोल आईला सांभाळतो म्हणून. भाऊ बोलला. कावळा नाही. आई म्हणाली, मी गोळ्या वेळेवर घेईन. नाही. कुणीतरी तंबाखूची चिमूट ठेवली. कुणीतरी चहा आणून ठेवला बशीत. मग सगळ्यांची नजर हळूहळू माझ्याकडे वळली, आणि एक चुलती बोललीच, 'लेकीचंच राहिलं असंल काय तरी मनात. लेकीची ओटी...' आणि थांबली.

मला सदतीस पूर्ण, मूल नाही. सगळ्यांना माहितीय. मी काहीच बोलले नाही, छत्री जरा खाली घेतली. खरं सांगायचं तर त्या दिवशी आमच्या आधी तिथे आणखी चार दहावे होऊन गेले होते, कावळ्यांची पोटं भरलेली असणार, आणि अशा पावसात भातावर यायला कावळा काय येडा आहे का. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, त्याने पिंडाला शिवलं, आणि मंडळी चहाला गेली.

मी गेले नाही. माहुलीत एक समाधी आहे, कुत्र्याची. शाहू महाराजांच्या, म्हणजे संभाजीराजांचे चिरंजीव थोरले शाहू महाराज, ज्यांनी सातारा राजधानी केली, त्यांच्या लाडक्या कुत्र्याची. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं अशी गोष्ट सांगतात. छोटंसंच बांधकाम, दगडाचा कुत्रा. आण्णा लहानपणी आम्हाला इथे घेऊन यायचे तेव्हा मला ही फक्त गंमत वाटायची. आता बघा, हा माणूस सात वर्षांचा असताना आईबरोबर मोगलांच्या कैदेत गेला, तरुण होऊनच बाहेर आला, आणि त्याची आई येसूबाई सुटून आली १७१९ ला, तीस वर्षांनी. तिची समाधी पण माहुलीतच आहे. एवढं सगळं ज्याचं गेलं त्या माणसाने कुत्र्यासाठी दगड घडवून घेतला आणि त्याला कुणी म्हणालं नसेल का, महाराज, कुत्रंच होतं, दुसरं पाळा?

'दुसरं होईल गं.' मला हे वाक्य किती जणांनी ऐकवलं याचा हिशोब मी ठेवलेला नाही. ठेवायला हवा होता.

२०२२ ची फेब्रुवारी. अकरावा आठवडा. ज्यांना सांगायचं त्यांना अजून सांगितलं पण नव्हतं कारण तीन महिने होईस्तोवर सांगायचं नसतं, त्यामुळे गेलं तेव्हा सांगायचं कुणाला हाच प्रश्न. डॉक्टर चांगल्या होत्या, त्यांनी कागदावर लिहून समजावलं, की शंभर गरोदरपणांतली दहा ते वीस अशी जातात, पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक वेळा गुणसूत्रांतच गडबड असते, तुम्ही काही केलं म्हणून झालेलं नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, पपई खाल्लीस का. शेजारी म्हणाले, स्कूटीवरून त्या खड्ड्यातनं रोज जायची, मग काय होणार. म्हणजे डॉक्टरांचं एक वाक्य विरुद्ध अख्खी गल्ली. मी स्वतः तीन वर्षं गल्लीच्याच बाजूने होते.

ऑफिसला दोन दिवस रजा टाकली, कारण लिहिलं व्हायरल फीव्हर. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरसमोर. मार्च एंड जवळ आलेला, मी अकाउंट्सला, कुठून सुट्टी मिळणार. हे नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं, की कायद्याने मला सहा आठवड्यांची पगारी रजा होती. तेव्हा लागू असलेला १९६१ चा मातृत्व लाभाचा कायदा, कलम ९, गर्भपात झाला तर दुसऱ्या दिवसापासून सहा आठवडे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे, आणि आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेलं पाहिजे, डॉक्टरचा कागद द्यायचा. मी तिथे सहा वर्षं होते! मला कुणी सांगितलं नाही, खरं तर मीच कुणाला काही सांगितलं नाही तर ते मला काय सांगणार, पण मॅटर्निटीची रजा सहा महिने हे शिपायापर्यंत सगळ्यांना पाठ असतं आणि हे सहा आठवडे कुणालाच माहिती नसतात, हे कसं काय?

आणि ते अ‍ॅप. गरोदर बायकांचं एक अ‍ॅप असतं फोनवर, दर आठवड्याला सांगतं बाळ आता केवढं झालं, हरभऱ्याएवढं, द्राक्षाएवढं. अकराव्या आठवड्यात लिंबू. म्हणून आम्ही दोघं त्याला लिंबूच म्हणायचो. नंतर मी ते अ‍ॅप काढलं नाही. का, माहीत नाही. दर रविवारी सकाळी टिंग वाजायचं, आता नखं आली, आता आवाज ऐकू येतो, आता वांग्याएवढं. मी वाचायचे आणि फोन पालथा ठेवायचे. तारीख होती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली, ऐन गौरी-गणपतीत. गौरी जेवायच्या दिवशी बारा बायका पंक्तीला, मी पुरणपोळ्या लाटतेय, हात पिठाचे, आणि ओट्यावर फोन वाजला. अभिनंदन, तुमचं बाळ आता कधीही येऊ शकतं. जाऊबाईंनी वाचलं. तिने काही न बोलता फोन उचलून पिठाच्या डब्यामागे सरकवला आणि म्हणाली, दे, मी लाटते, तू तव्यावर ये. तव्यावर धूर असतो ना, डोळ्यात पाणी आलं तरी चालतं. तिचे हे उपकार मी विसरणार नाही.

तर माहुलीच्या त्या पावसात गुरुजी आपलं सामान आवरत होते, तांब्या, ताम्हन, प्लॅस्टिकच्या पिशवीत पोथी. मी सहज विचारलं, गुरुजी, मला सुतक किती दिवसांचं? म्हणाले, लग्न झालेल्या लेकीला आईवडिलांचं तीन दिवस, भावाला दहा. तुमचं कधीच संपलं. मला जरा लागलंच, म्हणजे एकाच बापाचे आम्ही दोघं, पण ते बाजूला राहू दे. मग माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, पण विचारलं, आणि पोटातलं मूल गेलं तर? गुरुजींनी माझ्याकडे बघितलं पण नाही, पिशवीची गाठ मारता मारता म्हणाले, किती महिन्यांचं? म्हटलं, तिसरा चालू होता. 'पहिल्या तीन महिन्यांत गेलं तर आईला तीन दिवस. चौथ्यात चार. बापाला नुसती आंघोळ.' म्हटलं, हे लिहिलेलं आहे? म्हणाले, आहे की, पूर्वीपासून आहे. पाळत नाही कुणी. विचारतच नाही कुणी.

घरी येऊन शोधलं तर खरंच आहे, जेवढे महिने तेवढ्या रात्री, मनुस्मृतीतच आहे. आता मनुस्मृतीबद्दल माझं मत काय आहे ते इथे लिहायला बसले तर पोस्ट संपायची नाही, आणि त्यातलं हे पण शेवटी बाईच्या शुद्ध-अशुद्धाचंच आहे. पण मला त्या दिवशी एवढंच ऐकू आलं की अरे, हे मोजलंय कुणीतरी. कायद्याने सहा आठवडे, शास्त्राने तीन दिवस, आणि मी घेतले व्हायरल फीव्हरचे दोन.

रात्री आईला हे सांगितलं. ती लसूण सोलत होती. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, 'माझी दोन गेली. एक तुझ्या आधी आणि एक तुझ्या मागं.' मला सदतीस वर्षांत माहिती नव्हतं! म्हटलं, मग काय केलंस तू? 'काय करायचं. म्हस धार काढायला थांबती व्हय? दुसऱ्या दिवशी गोठ्यात.' आणि आण्णा? तर आण्णांनी म्हणे त्या आठवड्यात मुक्कामाच्या गाड्या मागून घेतल्या, सलग पाच रात्री घरी आलेच नाहीत. आई त्यावरून त्यांच्याशी महिनाभर बोलली नव्हती. 'मला वाटलं ह्या माणसाला काय वाटतच न्हाई. आता वाटतंय, त्यास्नी बी आंघोळच दिली ना नुसती.' आणि परत लसूण सोलायला लागली.

या सगळ्यानंतरच मला झोप येईनाशी झाली, गंमत बघा, तेरावा होऊन महिना झालेला, सगळं आटोपलेलं, लोक म्हणतायत सावरली हो पोरगी. मी भाजी घेताना रडायचे. पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालच्या भुयारी रस्त्यात, स्कूटी घालायचे आणि खालच्या अंधारात हेल्मेटच्या आत मोठ्याने रडून वर येईपर्यंत थांबवायचे, तेवढंच अंतर पुरायचं. आण्णांसाठी रडतेय की लिंबासाठी तेच कळेना. एका रात्री दोन वाजता १४४१६ ला फोन लावला, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मला वाटलं होतं रेकॉर्डिंग वाजेल. एक बाई बोलल्या, घाई न करता, आणि पाच-सात मिनिटांनी विचारलं, बाळाला काही नाव ठेवलं होतं का हो तुम्ही? तोपर्यंत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी म्हटलं, लिंबू. त्या हसल्या नाहीत.

नंतर वाचत गेले थोडं. दुःखाच्या पाच पायऱ्यांचा फोटो तुम्हाला पण कुणीतरी फॉरवर्ड केला असेल, नकार, राग वगैरे, मला तीन जणांनी पाठवला. तर त्या पायऱ्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस नावाच्या डॉक्टरबाईंनी १९६९ ला मांडल्या त्या मुळात स्वतःचं मरण समोर दिसणाऱ्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या, आणि लोकांनी त्याचा अजिंक्यताऱ्याचा चढ करून टाकला, एवढं चढलात की आलं मंदिर. मला तरी असं काही चढता आलं नाही. त्यापेक्षा स्ट्रोब आणि शुट या दोघांनी १९९९ ला मांडलेलं जास्त पटलं, की माणूस झोक्यासारखा असतो, एकदा दुःखाकडे जातो, एकदा रोजच्या कामाकडे येतो, आणि दोन्हीकडे जाणं लागतंच. म्हणजे आई गोठ्यात गेली ते पण बरोबर आणि मधेच लसूण सोलताना थांबते ते पण बरोबर. फक्त तिला दुसऱ्या टोकाला चाळीस वर्षं कुणी जाऊ दिलं नाही. केनेथ डोका म्हणून एक अमेरिकन अभ्यासक आहेत, त्यांनी १९८० च्या दशकात या असल्या दुःखाला वेगळं नावच दिलं, ज्याला समाजाची मान्यता नाही असं दुःख. पोटात गेलेलं मूल, पाळलेलं जनावर, घटस्फोट झालेला नवरा वारला तर... यादी मोठी आहे. माझ्या एका मैत्रिणीचं सांगलीतलं घर २०१९ च्या पुरात गेलं, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं त्या वर्षी, धोक्याची पातळी ४५. घरचे सगळे वाचले म्हणून तिला रडायची सोयच नव्हती, जीव वाचला ना, नशीब समज. तिच्या आईच्या हातची पाककृतींची वही चिखलात गेली. ती अजून म्हणते, मसाल्याचं प्रमाण विचारायला माणूस नाही आणि वही पण नाही.

मग मी पितृपक्षात तीन दिवस रजा टाकली. साहेबांनी विचारलं, काय झालं. म्हटलं, सुतक आहे. कुणाचं? म्हटलं, माझंच, माझं एक मूल गेलं होतं, तेव्हा पाळायचं राहिलं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण सही केली, आणि संध्याकाळी त्यांच्या मिसेसचा मला मेसेज आला, तिचं पण. सातव्या महिन्यातलं.

तीन दिवसांत काय केलं म्हणाल तर विशेष काहीच नाही. स्वयंपाक केला नाही, नवऱ्याने तिन्ही दिवस पोहे आणि खिचडी केली, खिचडी दोनदा लागली. सासूबाई पहिल्या दिवशी हे काय नवीन खूळ म्हणून तोंड पाडून होत्या, दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसल्या, आणि पपईचं काही बोलल्या नाहीत. दुपारी आम्ही दोघं माहुलीला जाऊन बसलो, ऊन पडलं होतं, नदी खाली गेलेली, घाटाच्या सगळ्या पायऱ्या दिसत होत्या. नवरा उठला आणि नदीत उतरून डुबकी मारून आला, शर्टासकट. म्हटलं, हे काय? म्हणाला, मला आंघोळच आहे ना. परत येताना गाडीवर ओल्या शर्टाने कुडकुडत होता आणि मी मागे बसून त्याच्या पाठीला गाल लावून, माझा पण ड्रेस भिजला सगळा.

तिसऱ्या दिवशी फाइल काढली. त्यात सोनोग्राफीचा एकच छोटा फोटो होता, आणि बघते तर तो उडत चाललेला. ते थर्मल पेपरवर असतं ना, एस.टी.च्या मशीनच्या तिकिटासारखं, काही वर्षांत पुसट होत पांढरं पडतं. कडेची तारीख गेलेली, मधलं तेवढं करड्या रंगात शिल्लक. तशीच उठले आणि झेरॉक्सच्या दुकानात गेले. पोरगा विशीतला, कानात हेडफोन. पहिली कॉपी काळीकुट्ट आली. म्हणाला, मॅडम, काय आहे हे, काहीच दिसत नाहीये. म्हटलं, सोनोग्राफी आहे, जुनी. त्याने हेडफोन काढला. मशीनचं झाकण उघडून काच पुसली, लाइट कमी केला, परत काढली, मग म्हणाला थांबा, स्कॅन करून बघतो, आणि स्क्रीनवर मोठं करून कॉन्ट्रास्ट वाढवत बसला, मागे पॅनकार्डवाली दोन माणसं उभी होती त्यांना म्हणाला, पाच मिनिटं. करड्यातून हळूहळू एक बारका वाकडा ठिपका वर आला.

'हे आहे का?'

म्हटलं, हो, हेच.

त्याने प्रिंट काढली, जाड कागदावर. लॅमिनेशन करू का विचारलं, म्हटलं करा. मशीनमधून ते गरम गरम बाहेर आलं, त्याने कडा कात्रीने गोल कापल्या, टोचू नयेत म्हणून, आणि म्हणाला, तीस रुपये झाले. पन्नासची नोट दिली तर सुट्टे नव्हते. म्हटलं, राहू दे. तर म्हणे नको, अजून एक कॉपी काढून देतो, घरात दोघांकडे असू दे.